तोरा-सानचं दुकान, स्केल १:२० : कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

ठरलं एकदाचं. तोरा-सानच्या घरचं डांगोचं, म्हणजे तांदळाच्या गोड गोळ्यांचं, दुकान करायचं, मॉडेल, आत डोकावता येईल असं, छत उघडं ठेवून. नवरा म्हणाला घरात आधीच जागा नाही, त्यात आणि घर कशाला. तोक्योत निशिकासाईच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाचं म्हणणं बरोबरच आहे, पण मी ऐकणार नव्हते हे त्यालाही माहीत होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'ओतोको वा त्सुराई यो' ही सिनेमांची मालिका. पहिला आला २७ ऑगस्ट १९६९ ला, अठ्ठेचाळिसावा १९९५ च्या डिसेंबरात, आणि ह्या अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस सिनेमांत हीरो एकच, किओशी आत्सुमी, भूमिका पण एकच, तोराजिरो कुरुमा उर्फ तोरा-सान. लेखन-दिग्दर्शन योजी यामादांचं, मधले तिसरा आणि चौथा हे दोन सोडले तर सगळे त्यांनीच दिग्दर्शित केलेत. बरीच वर्षं वर्षाला दोन यायचे, एक उन्हाळ्यात ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या सुट्टीला, एक वर्षअखेरीला, म्हणजे नवीन वर्षाच्या सुट्टीत अख्खं घर जाऊन बघणार. गोष्ट दर वेळी तीच. फेरीवाला माणूस, जत्रेत माल विकत देशभर फिरतो, मध्येच घरी उगवतो, भांडतो, कुणाच्या तरी प्रेमात पडतो, ते काही जमत नाही, परत बॅग उचलून निघतो. एवढंच. आणि तरी मी कुठलाही लावला की शेवटपर्यंत बघते.

मूळ ही टीव्ही मालिका होती, १९६८-६९ मधली, सव्वीस भागांची, आणि तिच्या शेवटी तोरा-सान विषारी साप चावून मरतो. लोक इतके चिडले, चॅनेलकडे इतक्या तक्रारी गेल्या की मग त्याला सिनेमात जिवंत करावं लागलं. मला हे फार आवडतं, प्रेक्षकांनी भांडून परत आणलेला माणूस.

मी नाशिकला इंटिरियर शिकले, पाचेक वर्षं कामही केलं, इथे आल्यावर ते सुटलं. त्यामुळे सिनेमा बघताना माझं लक्ष माणसांपेक्षा घराकडे जास्त जातं, ही वाईट खोड. आणि ह्या मालिकेत तर माझं पक्कं मत झालंय की अर्धी गोष्ट घराचा प्लॅनच सांगतो. कोण कुठल्या दारानं आत आलं आणि कुठून बाहेर गेलं एवढं जरी नीट बघितलं तरी लग्न होणार की नाही ते कळतं. हे कुणाला बोलून पटत नाही म्हणून करून दाखवायचं, बाकी काही नाही.

स्केल १:२०. कारण तोक्योकडची तातामी, म्हणजे जमिनीवर बसवायची जाड चटई, साधारण ८८ बाय १७६ सेंमी, ती ह्या स्केलला बरोब्बर ४.४ बाय ८.८ होते. हिशोब सोपा. खाली ए-टू साइजचा बोर्ड.

कुठल्या सिनेमातलं दुकान? पंधराव्या. १९७५ चा, लिली नावाच्या नायिकेचा दुसरा. त्यात ह्या घरातला सगळ्यात मोठा तमाशा आहे आणि सगळ्यात मोठी चुकामूकपण.

१९ जानेवारी, रविवार

सिनेमातलं दुकान ज्या शिबामातात आहे तिथे जाऊन आलो. एदोगावा वॉर्डातून शेजारच्या कात्सुशिका वॉर्डात जायचं म्हणजे वाटतं जवळच, पण आपल्याकडे उत्तर-दक्षिण ट्रेन नाही, त्यामुळे तोझाई लाइननं निहोन्बाशी, तिथून आसाकुसा लाइन, ती पुढे केइसेइत शिरते, ताकासागोला बदल, आणि मग ती छोटी कानामाची लाइन. लेक दोनदा म्हणाला आलं का. तिथे पोचलं की मात्र एकदम दुसरं गाव.

स्टेशनच्या बाहेरच तोरा-सानचा पुतळा आहे, हातात बॅग, निघालाय आणि मागे वळून बघतोय. तो १९९९ पासून आहे. तो कुणाकडे बघतोय तर साकुराकडे, धाकट्या बहिणीकडे, पण तिचा पुतळा यायला २०१७ उजाडलं. तोपर्यंत बिचारा रिकाम्या जागेकडे बघत होता. आता ती समोर उभी आहे.

स्टेशनपासून ताइशाकुतेन देवळापर्यंतचा रस्ता छोटासाच, दोनेकशे मीटर, दोन्ही बाजूंना लाकडी दुकानं, डांगो, तांदळाची बिस्किटं, लोणची, ईल मासा. आपल्याकडे देवळाच्या वाटेवर पेढे आणि नारळाची दुकानं असतात त्या जागी इथे कुसा-डांगो, म्हणजे योमोगीचा पाला घालून केलेले हिरवे तांदळाचे गोळे आणि वर लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड सारण. जानेवारी असल्यामुळे देवदर्शनाची गर्दी अजून होती. ह्या भागाला २०१८ मध्ये महत्त्वाचा सांस्कृतिक परिसर म्हणून सरकारी संरक्षण मिळालंय, त्यामुळे निदान काचेचे टॉवर येणार नाहीत. पहिल्या काही सिनेमांचं शूटिंग इथल्याच एका खऱ्या दुकानात झालं, त्या वेळचा जिना त्यांनी अजून ठेवलाय. जिन्याचा फोटो काढला. खूप काढले. दुकानातल्या काकू बघत होत्या, ही बाई डांगो खायचे सोडून पायऱ्यांचे फोटो का काढतेय म्हणून.

मग नदीकडे, तोरा-सान म्युझियम. हे १९९७ चं, तिकीट ५०० येन. इथे खरा माल आहे. शोचिकु कंपनीच्या ओफुना स्टुडिओत जो दुकानाचा सेट होता तोच इथे आणून बसवलाय, स्टुडिओ स्वतः २००० मध्ये बंद झाला. आत चालता येतं. मी वहीत पावलांनी मापं लिहून घेतली, टेप काढायची हिंमत झाली नाही. फुटेजमध्ये दुकान मोठं वाटतं, प्रत्यक्षात टेबलांच्या मधनं जाताना अंग चोरावं लागतं. म्हणजे ते सगळे भांडताना एकमेकांच्या अंगावर का येतात ते कळलं, जागाच नाहीये.

२६ जानेवारी, रविवार

आज कापाकापी नाही, नुसतं पॉज करकरून बघणं. पहिला, अकरावा, पंधरावा.

प्लॅन असा. रस्त्याच्या बाजूला दुकान सताड उघडं, भिंत नाहीच, फक्त वर नोरेनचा पडदा लोंबतो. आत सपाट जमीन, गिऱ्हाइकांची टेबलं, डांगोचं काउंटर. त्याच्या मागे एकदम उंच होणारी बैठकीची खोली, तातामीची, मध्ये बुटकं टेबल. कोकणातल्या घरात पडवीतून ओटीवर चढतो तशी ती चढण, आणि कोकणातल्यासारखंच अर्धं राजकारण त्या कडेवर बसून होतं. अर्धवट आलेला माणूस कडेवर टेकतो, पाय खाली, चपला पायातच. घरचा माणूस चपला काढून वर. खोलीला लागून तोराच्या काकूचं स्वयंपाकघर. मागच्या अंगणाच्या पलीकडे शेजारचा छापखानामालक ताको-शाचो, त्याची शेड, आणि तो कर्जबाजारी माणूस कायम मागूनच येतो, न विचारता, नको त्या क्षणी. जिना वर जातो, वर तोरा-सानची खोली. टेलिफोन दुकानात, सगळ्यांच्या कानांसमोर, तोरा लांबून कुठून तरी दहा येनची नाणी टाकत फोन करतो तो इथे वाजतो आणि नाणी संपली की मध्येच कट.

पुढची बाजू उघडी असणं किती उपयोगाचं बघा. तोरा घरी येतो तेव्हा सरळ आत कधीच येत नाही. दुकानासमोरून एकदा नुसता चालत जातो, जसं काही ह्या घराशी आपला संबंध नाही, मग परत उलटा येतो, डोकावतो. आतल्यांनी त्याला आधीच बघितलेलं असतं, पण त्याला लाज वाटू नये म्हणून ते न बघितल्यासारखं करतात आणि इतकं वाईट अभिनय करून करतात की तो चिडतो. इथे साधी चार भिंती आणि दार असती तर हा अख्खा विनोदच झाला नसता, कडी वाजली असती, दार उघडलं असतं, आलास का ये बस, संपलं.

पहिल्या सिनेमातला हिरोशी आठवा. छापखान्यात काम करणारा पोरगा. तो साकुराला सांगतो की छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या माझ्या खोलीतून तुझ्या खोलीची खिडकी दिसते, मी रोज बघायचो. एवढं बोलून तो निघूनच जातो. आणि साकुरा, जी तोपर्यंत मोठ्या कंपनीत नोकरी करणारी, चांगल्या स्थळांना दाखवायची मुलगी आहे, ती धावत सुटते, पुढच्या दारानं, रस्त्यानं, स्टेशनपर्यंत, आणि त्याच्याबरोबर ट्रेनमध्ये चढते. मागची खिडकी आणि पुढचं दार. एका लग्नाला आर्किटेक्चर एवढंच लागलं.

म्हणजे आता मला छापखान्याची निदान एक भिंत आणि वरची खिडकी करणं आलं. बोर्ड ए-टू पुरणार नाही, मागे एक पट्टी जोडावी लागणार.

८ फेब्रुवारी, शनिवार

जमीन आणि चढण झाली. चढणीची उंची मी ४० सेंमी धरली, माणूस कडेवर बसला की पाय आरामात जमिनीला टेकतात त्यावरून. म्हणजे मॉडेलमध्ये २ सेंमी, पाच मिमीच्या फोम बोर्डाचे चार थर. कडेला हिनोकी लाकडाची पट्टी लावली, घासून घासून गुळगुळीत केली, कारण खऱ्या घरातली ती कड पिढ्यान्‌पिढ्या बसून गुळगुळीतच असते.

तातामी सहा. शंभर येनच्या दुकानात मिळणारी टेबलावर घालायची बारीक विणीची चटई आणली, ती ४.४ बाय ८.८ ला कापली, कडांना काळ्या-हिरव्या कापडाची पट्टी. विणीची दिशा आलटून-पालटून ठेवायची हे विसरून चालत नाही, सगळ्या एकाच दिशेनं लावल्या तर ती खोली वाटत नाही, पार्सल वाटतं. चिकटवायला भारतातून आणलेला फेविकॉल, इथला पिवळ्या बाटलीतला बाँडही चांगला आहे पण हात फेविकॉलला सरावलाय.

लाकूड जुनं दिसायला कॉफीचं पाणी, दोन हात. तिसरा हात दिल्यावर एकदम हॉटेलसारखं दिसायला लागतं, दोनवरच थांबा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सुट्टी. पाऊस. भिंतींच्या फ्रेमा कापल्या. दारांची उंची १७६ सेंमी धरून ८.८. बाकी काही नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जिना. आठवडाभर ह्याचीच वाट बघत होते.

जुने जपानी जिने म्हणजे शिडीला पायऱ्या लावल्यासारखे, उभे. मी पायरीची उंची २२ सेंमी धरली, मॉडेलमध्ये ११ मिमी, पाऊल ठेवायची रुंदी त्याहून थोडी कमी. बाजूच्या दोन फळ्यांना खाचा पाडून पायऱ्या आत बसवल्या, खिळा कुठेच नाही. वर चढून जिना कुठे जातो? माझ्या मॉडेलमध्ये सध्या कुठेच नाही, वरच्या खोलीचं नंतर बघू.

आता ह्या जिन्याचं महत्त्व. ज्यांनी पंधरावा बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा.

लिली ही गावोगावच्या कॅबरेत गाणारी गायिका, रुरिको असाओकानं केलेली. तोराच्या सगळ्या नायिकांमध्ये (त्यांना मॅडोना म्हणतात, दर सिनेमाला एक) हीच एक त्याच्या जातीची, घर नसलेली. अकराव्यात, १९७३ ला, ते आबाशिरीला भेटतात, शेवटी ती एका सुशीवाल्याशी लग्न करते. पंधराव्यात ते मोडलेलं असतं, हाकोदातेला रामेनच्या गाडीवर दोघं अचानक समोरासमोर. ओतारुला कडाक्याचं भांडण. मग ती शिबामाताच्या घरी येते, राहते, दोघं हातात हात घालून गल्लीतून फिरतात, गल्ली बोलायला लागते. आणि शेवटाकडे साकुरा धीर करून लिलीला विचारते, तुम्ही माझ्या दादाशी लग्न केलंत तर किती बरं होईल. गमतीत म्हणते, म्हणजे गमतीचं पांघरूण घेऊन. आणि लिली सरळ हो म्हणते. माझ्यासारखी चालत असेल तर, म्हणते. घरात सगळे पुतळे.

तेवढ्यात तोरा रस्त्याकडून आत येतो. साकुरा त्याला सांगते. तो हसतो, म्हणतो चेष्टा करतेस का, आणि लिलीला विचारतो, तू चेष्टाच केलीस ना? लिली थोडी थांबते. मग म्हणते, हो, चेष्टाच. आणि पुढच्या दारानं निघून जाते.

साकुरा म्हणते दादा, जा ना मागे. दार उघडं आहे, दार म्हणजे दारच नाही, नुसता पडदा, चार पावलं. आणि हा माणूस जिना चढून वर जातो!

वर जाऊन बहिणीला जे सांगतो ते पण बरोबरच आहे म्हणा, ती माझ्यासारखीच फिरता पक्षी, भूक लागली होती, पंख दुखावला होता, इथे थोडी टेकली. बोलायला पक्का. पण साकुरा धावली होती, हा चढला, ह्याच घरात, सहा वर्षांच्या अंतरानं. यामादांनी हे मुद्दाम केलं असेल नसेल मला काही देणं-घेणं नाही, प्लॅनमध्ये आहे म्हणून पडद्यावर आलं.

जिना चिकटवला. फार सरळ नाही बसला पण खरे पण नसतात.

२ मार्च, रविवार

पाट्या आणि नोरेन. पंधराव्यात दुकानाचं नाव 'तोराया'. पुढे शिबामातातल्या त्या शूटिंगवाल्या दुकानानंच आपलं नाव बदलून तोराया केलं, मग सिनेमावाल्यांची पंचाईत, म्हणून चाळिसाव्यापासून सिनेमातलं दुकान 'कुरुमाया' झालं. म्हणजे खोट्याचं नाव खऱ्यानं घेतलं आणि खोट्याला घर सोडावं लागलं. म्युझियममधल्या सेटवर त्यामुळे कुरुमाया आहे, माझ्याकडे तोराया, कुणी म्हणालं चुकलीस तर हे वाचा.

नोरेनला जुना सुती रुमाल वापरला, अक्षरं फॅब्रिक पेननं. माझी कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, अजून लहान मुलांसारखी, शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींना विनंती केली, त्यांनी ब्रशनं दोन मिनिटांत लिहून दिलं आणि वर चहा पाजला. आजींनी हे सगळे सिनेमे त्या त्या वेळी थिएटरमध्ये बघितलेत, नवऱ्याबरोबर, नवीन वर्षाला. त्यांना तोराच्या काकाचं काम करणाऱ्यांत सगळ्यात पहिलाच आवडतो म्हणे, शिन मोरिकावा. हे काका तीन झाले. मोरिकावा आठव्यापर्यंत, १९७२ मध्ये ते वारले, मग तात्सुओ मात्सुमुरा नवव्यापासून तेराव्यापर्यंत, आणि चौदाव्यापासून शेवटपर्यंत मासामी शिमोजो. काकू मात्र एकच, चिएको मिसाकी, पहिल्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत. साकुराची चिएको बाइशो पण तीच. बायका टिकल्या. देवळाचे मोठे पुजारी चिशू र्‍यू.

डांगो पोलिमर क्लेचे, हिरवे, मोहरीपेक्षा थोडे मोठे. ते करताना लेकाची मदत घेतली, त्यामुळे काही लाडूच्या साइजचे झाले. राहू दे.

१५ मार्च, शनिवार

बुटकं टेबल झालं आणि त्यावर खरबूज. ह्यावर मी गरजेपेक्षा जास्त वेळ घालवला, पण मालिकेतला माझा सगळ्यात लाडका सीन हा.

होतं असं की, तोरानं ज्या घर सोडून पळालेल्या साहेबाला उत्तरेत सांभाळलेलं असतं, त्याच्याकडून आभार म्हणून खरबूज येतं. जपानमधलं भेटीचं खरबूज म्हणजे आपल्या बाजारातलं नव्हे, खोक्यात बसवलेलं, जाळीदार सालीचं, किंमत बघून माणूस परत ठेवतो तसलं. घरातले सगळे बसतात, काकू कापते, माणसांची मोजदाद करून फोडी होतात, आणि तोराची फोड राहते. वाईट हेतूनं नाही, तो घरात नव्हता आणि लक्षातच आलं नाही. ते चमचे लावून खायला सुरुवात करतात आणि तो दारात.

मग तोंडातला घास तोंडात, फोडी टेबलाखाली लपवायची केविलवाणी धडपड, आणि तोराचा जो काही कांगावा सुरू होतो! मला धरलंच नाही, ह्या घरात माझी मोजणी नाही. साकुरा स्वतःची फोड पुढे करते तर ती पण नको. वाढत वाढत गोष्ट खरबुजावरून आयुष्यावर जाते. आणि तिथे लिली त्याला झापते, की तुला घरात किती डोक्यावर बसवून ठेवलंय ह्याची तुला कल्पना आहे का, मला असं घर मिळालं असतं तर, वगैरे. त्याला उत्तर सुचत नाही, तो बाहेर.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हा सीन समजावून सांगावा लागत नाही. आमच्या सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवला, भाषा एक अक्षर कळत नाही, त्या म्हणाल्या, "अगं, हापूसची पेटी आली की आमच्याकडे हेच व्हायचं, तुझे चुलत सासरे तर आठवडाभर बोलले नव्हते."

मॉडेलसाठी फोडी क्लेच्या, सालीला टूथब्रशनं टोचून जाळी, आतला भाग फिक्या हिरव्या रंगावर वार्निशचा एक थेंब, त्यानं रस सुटल्यासारखा दिसतो. सहा फोडी. सातवी करायचा मोह झाला होता, केली नाही.

आणि त्याच्यानंतरचा छत्रीचा सीन ह्या मॉडेलमध्ये येत नाही, तो स्टेशनवर आहे. रुसून बसलेला हा माणूस पाऊस आला म्हणून छत्री घेऊन लिलीला आणायला जातो, आणि ती विचारते मला घ्यायला आलास, तर म्हणतो छे, फिरायला आलोय. पावसात? का, पावसात फिरू नये? भिजशील की. भिजलो तर काय? सर्दी होईल. होऊ दे. मग ती म्हणते तू आजारी पडलास तर मला करमणार नाही. आणि दोघं एका छत्रीत. घराच्या बाहेर त्याला सगळं जमतं हो!

२३ मार्च, रविवार

माणसं ठेवायची की नाही ह्यावर घरात मतभेद. नवरा म्हणतो तोरा पाहिजेच. मी बारक्या पुतळ्यांच्या विरोधात आहे, १:२० ला आत्सुमींचा तो चौकोनी चेहरा आणि बारीक डोळे माझ्याच्यानं होणार नाहीत आणि कुणीही दुसराच माणूस तिथे बसलेला मला बघवणार नाही. तडजोड म्हणून त्याचं सामान केलं. चामड्याची चौकोनी बॅग (जुन्या पर्सचा पट्टा कापून), टोपी, चौकटीचा कोट खुंटीला. पोटाला बांधायचा लोकरीचा पट्टा पण करायचा होता, तो खुंटीवर कसला तरी मोजा वाटत होता, काढून टाकला.

काम करताना मागे अठ्ठेचाळिसावा लावला होता. लिलीचा तोराबरोबरचा शेवटचा. आत्सुमी तेव्हा खूप आजारी होते, यकृताचा कॅन्सर फुफ्फुसापर्यंत गेलेला, त्यातलं एक फुफ्फुस तरुणपणीच टीबीत गेलेलं. बघताना कळतं, बरेचदा बसूनच आहेत. तशी बेचाळिसाव्यापासूनच गोष्ट भाच्याकडे, मित्सुओकडे सरकवली होती, मित्सुओच्या प्रेमाच्या भानगडी आणि मामा सल्ला देणार, जो सल्ला द्यायला जगातला सगळ्यात नालायक मामा. किंवा लायक, कोण जाणे, पोरगं मामाचंच ऐकतं.

तर अठ्ठेचाळिसाव्यात पण लिली घरातून निघते, टॅक्सी बाहेर उभी, आणि तोरा पुन्हा वर जाऊन बसलेला. साकुरा पुन्हा वर जाते त्याला समजवायला. वीस वर्षं झाली तरी तोच जिना. आणि ह्या वेळी तो खाली उतरतो, बॅग घेतो, पुढच्या दारानं बाहेर, टॅक्सीत तिच्या शेजारी बसतो. ती विचारते, कुठपर्यंत सोडणार मला? तो म्हणतो, पुरुष बाईला सोडायला निघाला म्हणजे तिच्या घराच्या दारापर्यंत सोडतो. तिचं घर आमामीच्या बाजूच्या बेटावर, काकेरोमाला, म्हणजे टॅक्सी, विमान, बोट.

४ ऑगस्ट १९९६ ला आत्सुमी वारले. पुढचा सिनेमा झाला नाही. १९९७ मध्ये जो एकोणपन्नासावा म्हणतात तो पंचविसाव्यालाच नवं रूप देऊन आणलेला, आणि पन्नासावा २०१९ मध्ये, मोठा झालेला मित्सुओ, जुनी दृश्यं मधून मधून. पन्नासाव्यात ते घर बघून मी नवऱ्याला म्हणाले हे बघ आता किचन बदललं, तो म्हणाला अगं सगळे रडतायत आणि तू किचन बघतेस.

छापखान्याची भिंत झाली. खिडकी साकुराच्या खोलीच्या रेषेत आणायला भिंत थोडी तिरपी घ्यावी लागली.

५ एप्रिल, शनिवार

पाडवा मागच्या रविवारी झाला, त्या गडबडीत काम बंद होतं. आज इथल्याच चार मराठी घरांतली मंडळी आली होती, पंधरावा लावला, इंग्रजी सबटायटल्स, मध्ये जिथे जोक वेगानं जातो तिथे मी मराठीत सांगत होते, एका ठिकाणी सगळ्यांनी मला गप्प बसायला सांगितलं. खायला श्रीखंड उरलेलं आणि शिबामाताहून आणलेले कुसा-डांगो. डांगो आधी संपले.

मॉडेल टीपॉयवर, दिवा लावून. पोरांनी पहिल्या पाच मिनिटांत सगळे डांगो मोजले आणि लाडूच्या साइजवाले कुणी केले तेही शोधून काढलं.

जिन्याच्या सीननंतर जी चर्चा झाली ती खरं म्हणजे रेकॉर्ड करायला हवी होती. एका मैत्रिणीचं ठाम मत की तोराला लग्न नकोच आहे, त्याला नकार हवाय, म्हणून तो अशाच बायकांच्या प्रेमात पडतो ज्या मिळणार नाहीत, आणि एक मिळतेय असं दिसलं की पळतो. दहाव्यात पण तेच, तिथेही बाई जवळजवळ हो म्हणते आणि ह्याच्या पायातलं बळच जातं. दुसरी म्हणाली छे, त्याला कळतं की आपल्याकडे पैसा नाही, घर नाही, हे दुकानपण काकाचं, तिला कुठे ठेवणार, वरच्या खोलीत? त्यानंच तर सांगितलं ना मगाशी, माझ्याकडे पैसा असता तर लिलीला मोठ्या थिएटरात गायला उभं केलं असतं, आणि ते नुसतं सांगताना घरातले सगळे रडायला लागले. जो माणूस बाईचं असं स्वप्न बघतो तो तिला सहा तातामीत कसा आणेल. हे मला पटलं. माझ्या जिन्याच्या थिअरीला ह्यानं धक्का लागत नाही, उलट वर जाण्याचं कारण मिळतं.

नवरा म्हणाला, मुळात दुकानाला दार असतं तर लिली ते आपटून गेली असती आणि ह्याला जाग आली असती. दोन महिने माझं ऐकून ऐकून हा पण प्लॅनवर बोलायला लागला.

एक काका आलेले होते कुणाचे तरी, पुण्याहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी. पूर्ण सिनेमा शांत बघितला. शेवटी मॉडेलजवळ गेले, चष्मा वर करून आत वाकून बघितलं आणि विचारलं, "वरची खोली कुठाय?"

केली नाही म्हटलं, सेटवर पण जिना वर जाऊन संपतो, खोलीचा सेट वेगळा असायचा.

"ते सिनेमावाल्यांचं झालं. तुम्ही त्याला वर पाठवताय, मग खोली नको?"

तर आता वरची खोली. भिंतींसाठी पाच मिमीचा फोम बोर्ड संपलाय, तीन मिमीचा आहे पण तो वाकतो. सोमवारी हिनोकीच्या पट्ट्या, बोर्ड आणि एक रस्त्याकडे उघडणारी खिडकी कापायला नवीन ब्लेड आणायचं.